जरंड्यावर आधी कोण चढलं?

प्रश्न : रहिमतपूरहून कोरेगावमार्गे साताऱ्याला माझी रोजची ये-जा असते. वाटेत जरंडेश्वराचा डोंगर दिसतो. हा द्रोणागिरीचा तुकडा, मारुतीच्या हातून निसटून पडलेला, असं आजी सांगायची. परवा वाचलं की आल्प्समधल्या माँ ब्लाँ शिखरावर माणसाचं पहिलं पाऊल कधी पडलं, त्याची तारीखसुद्धा नोंदलेली आहे. मग आमच्या जरंड्यावर पहिल्यांदा कोण चढलं? आणि तो तुकडा खरंच हिमालयातला असेल का?
— एक वाचक, रहिमतपूर

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न सोपा, म्हणून तो आधी उरकतो. जरंड्याचा दगड म्हणजे आपला काळा पाषाण, बेसाल्ट. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीला भेगा पडून लाव्हा वर आला, पसरला आणि थिजला. त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. महाबळेश्वरच्या बाजूला ही चवड हजार मीटरहून जाड आहे. त्या काळी आपली भूमी आशियाला जोडलेलीच नव्हती. हिंदी महासागरात आज रियुनियन बेट आहे त्या भागावरून ती उत्तरेकडे सरकत होती. आशियाशी तिची टक्कर झाली ती नंतर, साधारण पाच कोटी वर्षांपूर्वी, आणि हिमालय उभा राहू लागला तो त्या टकरीमुळे. म्हणजे हिमालय डोंगर म्हणून डोकं वर काढायच्या आधीच जरंड्याचा पाषाण थंड होऊन बसला होता. तुकडाच मूळ डोंगराहून वडीलधारा निघाला!

पण यामुळे आजी खोटी पडत नाही. ती सांगत होती त्या गोष्टीचं दुसरं टोक पाहा. उत्तराखंडात चमोली जिल्ह्यात द्रोणागिरी नावाचं गाव आहे. त्याच्या डोक्यावर ७०६६ मीटर उंचीचं दुनागिरी शिखर आहे, बारमाही बर्फाचं. या गावात मारुतीची पूजा होत नाही. आमचा पर्वत देव होता, तो न विचारता उपटून नेला, हा राग तिथं अजून धरलेला आहे. गावात लाल झेंडा लावलेला चालत नाही. मारुतीला वाट दाखवणाऱ्या म्हातारीलाही गावानं माफ केलं नाही, असं सांगतात. इकडे साताऱ्यात त्याच डोंगराचा तुकडा पडला म्हणून आपण नारळ फोडतो, श्रावणी शनिवारी रांगा लावून वर चढतो, माथ्यावरच्या वनस्पतींना औषधी गुण आहेत असं कौतुकानं सांगतो. एकाच उड्डाणाची ही दोन गावं. एकाचं गेलं, दुसऱ्याला मिळालं. रामायणातल्या या प्रसंगाचा जाबजबाब अजून चालू आहे आणि त्यातला एक पक्ष कोरेगाव तालुक्यात राहतो, ही गोष्ट मला फार आवडते.

गिर्यारोहणाच्या इतिहासात मात्र दुनागिरीची नोंद वेगळी आहे. आंद्रे रॉश यांच्या स्विस तुकडीनं १९३९ साली ते शिखर पहिल्यांदा सर केलं. द्रोणागिरी गावातल्या माणसाला विचाराल तर डोंगरावर पहिला हात कोणी घातला याचं उत्तर निराळं मिळेल.

आता माँ ब्लाँ. तुम्ही वाचलेली तारीख ८ ऑगस्ट १७८६. जिनिव्हाचे निसर्गशास्त्रज्ञ सोस्यूर यांनी १७६० मध्ये या शिखराची वाट शोधणाऱ्याला बक्षीस जाहीर केलं. त्यानंतर सव्वीस वर्षांनी पायथ्याच्या शामोनी गावचा डॉक्टर पाकार आणि स्फटिक शोधून विकणारा बालमा असे दोघे माथ्यावर पोहोचले. दोघेही गावचेच. मग बक्षिसाची वाट कशाला पाहिली? कारण वर जाण्यात गावकऱ्याचा काही फायदाच नव्हता. त्याला लागणारं कुरण खाली, शिकार खाली, स्फटिकसुद्धा माथ्याच्या बरेच खाली. वर नुसतं बर्फ, आणि बर्फ खाऊन कोणाचं पोट भरत नाही. माथ्याला मोल आलं ते बाहेरच्या माणसाच्या कुतूहलामुळे. मोल आलं तसा श्रेयावरून वादही आला. बालमाचं नाव जगभर झालं आणि डॉक्टरसाहेब कितीतरी वर्षं मागं पडले.

आपल्याकडे अशी तारीख का नाही, हे आता ध्यानात आलं असेल. जरंड्याच्या वाटेवर बर्फ नाही, भेगा पडलेली हिमनदी नाही. गुराख्याचं वासरू चुकून वर गेलं असेल तर त्यामागून गुराखी गेला असेल. मध काढायला कोणी गेलं असेल, लाकडाला कोणी गेलं असेल. ज्याला अडवणारं काही नव्हतं, त्या चढाईची नोंद कोण ठेवणार? सह्याद्रीत पहिल्या चढाईचा प्रश्न खरा निघतो तो सुळक्यांच्या आणि उभ्या कड्यांच्या बाबतीत. तिथं दोर लागतो, मेखा लागतात आणि तिथल्या तारखा गिर्यारोहकांच्या संस्थांनी नीट लिहून ठेवल्या आहेत.

तरी पण ‘आधी कोण?’ या प्रश्नाला सह्याद्रीकडे उत्तर नाही असं मात्र नाही. महाराष्ट्रातल्या सर्वांत उंच शिखराकडे तर चोख उत्तर आहे. १६४६ मीटरच्या त्या माथ्यावर पहिली गेली ती कळसू नावाची मुलगी.

कहाणी अशी. कळसू ही कोळ्याची पोर. रानात भटकायची तिला भारी आवड. भटकत भटकत ती डोंगराच्या पायथ्याच्या इंदोरे गावात आली आणि एका घरी कामाला राहिली. राहतानाच तिनं अट घातली, मी भांडी घासणार नाही, केर काढणार नाही. घरच्यांनी कबूल केलं. काही दिवस बरे गेले. एके दिवशी घरातल्या कोणीतरी तिला भांडी घासायला सांगितलं. तिनं घासली. वाद घातला नाही. हात धुतले आणि सरळ डोंगर चढून गेली, ती परत खाली आलीच नाही. जिथं तिनं भांडी घासली त्या जागेला आजही थाळेमेळ म्हणतात. माथ्यावर तिचं लहानसं देऊळ आहे, नवरात्रात तिथं जत्रा भरते आणि अकोले-इगतपुरीच्या बाजूचे महादेव कोळी तिला आपली मानतात.

या कहाणीवर कोणी फारसं थांबत नाही, याचं मला नवल वाटतं. राज्यातला सर्वांत उंच बिंदू कुठल्या राजाच्या किंवा सेनापतीच्या नावावर नाही, ठरलेली अट मालकानं मोडली म्हणून काम सोडून गेलेल्या मोलकरणीच्या नावावर आहे. एव्हरेस्टचं नाव हिंदुस्थानच्या मोजणी खात्याच्या साहेबाचं. आपलं शिखर कळसूबाईचं.

म्हणून जरंड्याबद्दलही माझं उत्तर असंच आहे. तिथं पहिला कोण चढला ते ठाऊक असण्याचं कारण नाही, कारण चढणाऱ्या प्रत्येकाची समजूत हीच की आपल्याआधी तिथं कोणीतरी राहतो आहे. माथा ‘सर’ करायचा तर तो रिकामा असावा लागतो. आपले माथे रिकामे नाहीत. लोक ‘जरंडा सर केला’ असं म्हणत नाहीत, ‘मारुतीला जाऊन आलो’ म्हणतात. (हा मारुती समर्थांच्या अकरा मारुतींपैकी, असं अनेकांना वाटतं. तो त्या यादीत नाही. यादीतला तुम्हाला जवळचा म्हणजे मसूरचा. रहिमतपूरहून रेल्वेनं कऱ्हाडकडे निघालात की तारगावनंतरचं स्टेशन. मारुतीचा डोंगर पाहायचा तर उलट बाजूला, पुण्याकडे जा. सातारा स्टेशनच्या पलीकडे जरंडेश्वर नावाचं छोटं स्टेशनच आहे.)

आणि ही समजूत केवळ आपली नाही. २५ मे १९५५ रोजी जॉर्ज बँड आणि जो ब्राउन हे दोघे ब्रिटिश ८५८६ मीटरच्या कांचनजंगावर पहिल्यांदा पोहोचले आणि माथा काही पावलांवर असताना थांबले. सिक्कीमच्या राजाला शब्द दिला होता की देवाच्या डोक्यावर पाय देणार नाही. शब्द पाळणारे नंतरही बरेच निघाले. याच शिखरावर २०१९ मध्ये पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’चे दहा गिर्यारोहक गेले आणि २०२२ च्या मे महिन्यात तुमच्या साताऱ्याची प्रियांका मोहिते. आठ हजार मीटरवरची पाच शिखरं चढणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. एव्हरेस्ट ती २०१३ मध्येच चढली होती. आणि एव्हरेस्टवर १९५३ साली तेनसिंग यांनी काय केलं? बर्फ उकरून त्यात गोड खाऊ ठेवला. आपल्या भाषेत नैवेद्य.

प्रश्न : याच पत्रात आणखी एक विचारतो. कळसूबाईला जाऊन आलो. माथ्यावर झाड नाही, नुसतं गवत आणि वारा. भूगोलाच्या पुस्तकात अल्पाइन प्रदेशाचं वर्णन असंच आहे. मग आपल्या शिखरांना अल्पाइन म्हणायचं का?

उत्तर : दिसायला तसंच, पण कारण वेगळं. त्यामुळे नाही.

अल्पाइन पट्टा सुरू होतो तो वृक्षरेषेच्या वर. उंची वाढली की हवा गार होत जाते, दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंशांनी. एका टप्प्यावर उन्हाळाही इतका आखूड आणि थंड होतो की झाडाला खोड वाढवायला सवडच मिळत नाही. त्यावर उरतात ती झुडपं, गवत, शेवाळ आणि मग बर्फ. आल्प्समध्ये ही रेषा साधारण दोन हजार मीटरवर, आपल्या हिमालयात साडेतीन हजारांच्या आसपास. कळसूबाई उचलून आल्प्समध्ये नेऊन ठेवली तरी तिच्या माथ्यापर्यंत झाडं पोहोचतील. इथं तर ती विषुववृत्ताच्या कितीतरी जवळ आहे. पायथ्याच्या बारी गावापेक्षा वर पाच-सहा अंश गार लागतं, एवढंच.

मग झाडं का नाहीत? मातीच नाही म्हणून. आपल्या माथ्यांवर पावसाळ्याचे चार महिने पाणी धो-धो पडतं आणि माती धुऊन नेतं. उरलेले आठ महिने तिथं फारसं काही पडत नाही. उघड्या दगडावर वीतभर मातीत मुळं धरायची, त्यात भन्नाट वारा, त्यात दर उन्हाळ्याला कोणीतरी लावलेला वणवा. यातून झाड उभं राहणं कठीण. गवत आणि चार महिन्यांत आयुष्य आटोपणारी फुलं मात्र तग धरतात. हिमालयातल्या फुलाला घाई असते ती थंडी येण्याआधी उरकायची. आपल्या फुलाला घाई असते पाणी आटण्याआधी उरकायची.

ही घाई पाहायची असेल तर कासला जा. साताऱ्याच्या पश्चिमेचं हे पठार जांभ्या दगडाचं आहे. वर मातीचा पातळ पापुद्रा, पावसाळ्यात जागोजागी साचलेलं पाणी. गेंद, तेरडा, सीतेची आसवं, सोनकी असं एकामागून एक उमलत जातं. यातली सीतेची आसवं हे फूल दिसतं नाजूक, पण ते कीटक खाऊन जगतं, कारण त्या मातीत त्याला लागणारं पोषण नसतं. झाडानं मांसाहार करावा इतकी ती जमीन गरीब आहे! पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेल्या, त्यात कास आहे. झाडं नसलेल्या उजाड जागेला वारशाचा मान मिळाला, हे आमच्या वृक्षारोपणवाल्या मित्रांनी जरा ध्यानात ठेवावं. पठार बोडकं दिसलं की खड्डे घेऊन धावायचं नसतं.

आपल्या डोंगरांच्या आकाराबद्दलही याच ओघात सांगतो. आल्प्स आणि हिमालय हे टकरीत घड्या पडून वर उचलले गेलेले डोंगर. त्यांची शिखरं हिमनद्यांनी बाजूंनी कोरली म्हणून टोकदार. सह्याद्रीच्या बहुतेक डोंगरांचं उलट आहे. थरावर थर चढलेलं एक मोठं पठार होतं, नद्यांनी ते कोरून काढलं. मध्ये जे कोरायचं राहिलं तो जरंडा, तो चंदन-वंदन, तो नांदगिरी. म्हणून तुमच्या भागातले इतके डोंगर वरून सपाट, कडेला एक-दोन पायऱ्या असलेले आणि साधारण एकाच उंचीचे दिसतात. कोणी एका सुरीनं कापल्यासारखे. या डोंगरांना कोणी वर उचललेलं नाही. त्यांच्या आजूबाजूची जमीन कृष्णा आणि वासना या नद्या घेऊन गेल्या.

प्रश्न : आमचं शेत डोंगराच्या अंगाला आहे. रविवारी ट्रेकर मंडळी येतात, माथ्यावर फोटो काढतात आणि जातात. आम्हाला डोंगर म्हणजे गुरांचं गवत आणि वणव्याची धास्ती. शिखराचा आम्हाला नेमका काय उपयोग?
— एक शेतकरी, कोरेगाव तालुका

उत्तर : पाण्याचा. तुमच्या विहिरीचं पाणी कुठून येतं याचा माग काढत गेलात तर बहुधा त्या माथ्यावर पोहोचाल.

याचा सगळ्यात बोलका दाखला तुमच्याच तालुक्यातला आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली. तीन तालुके निवडले होते, त्यात कोरेगाव होता आणि पहिला आला तो तुमच्या तालुक्यातला वेळू गाव. पाणलोटाच्या कामाचा नियम असतो माथा ते पायथा. आधी डोंगराच्या वरच्या उतारावर समतल चर खणायचे, पावसाचं धावतं पाणी तिथंच चालायला लावायचं, मग खाली बांध, मग ओढा, मग विहीर. उलट क्रमानं गेलात तर पहिल्याच मोठ्या पावसात खालचा बांध गाळानं भरतो. वेळूच्या लोकांनी उन्हाळ्याच्या कडाक्यात डोंगरउतारावर कुदळी चालवल्या. माथ्यावर पाय ठेवण्याचं त्याहून चांगलं कारण मला तरी सुचत नाही.

जुन्या लोकांनाही हे कळत होतं. किल्ला बांधायचा तर तोफा नंतर, आधी पाणी. चंदन-वंदन ही जोडी शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळातली, ११९१-९२ च्या सुमाराची. वर खडकात कोरलेली टाकी आहेत. टाकं खोदताना निघालेला दगड तटाला, आणि खड्डा पाण्याला. कल्याणगड, म्हणजे तुमचा नांदगिरी, याच्या पोटात एक गुहा आहे. गुडघाभर गार पाण्यातून, अंधारात आत जावं लागतं. आत पार्श्वनाथांची मूर्ती आणि दत्त शेजारी शेजारी आहेत. बाहेर चैत्रातलं ऊन भाजत असताना हे पाणी आटत नाही. माथ्यावर पडलेला पाऊस थरांच्या फटींतून मुरत मुरत तिथं आलेला असतो. आपला पाषाण एकसंध नसतो. एखादा थर घट्ट, एखादा सच्छिद्र. दोहोंच्या सांध्यातून झरा फुटतो. डोंगराच्या कमरेला जिथं हिरवी रेघ दिसते, तिथं हा सांधा असतो.

वर्धनगड तर पाण्याच्या हद्दीवरच उभा आहे. पुसेगावच्या रस्त्यानं घाट चढून वर्धनगड ओलांडला की हवा बदलते, पिकं बदलतात, माणसांच्या बोलण्यात पावसाचा उल्लेख जास्त येतो. महाबळेश्वराला वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस, माणदेशात पाचशेच्या आसपास, आणि हे दोन्ही एकाच जिल्ह्यात! ढग डोंगरांच्या रांगा ओलांडत पूर्वेला जातात तसे रिकामे होत जातात. गडाच्या एका अंगाचं पाणी वासनेकडे, दुसऱ्या अंगाचं येरळेकडे. येरळा पुढं सांगली जिल्ह्यात कृष्णेलाच मिळते, पण तोवर तिला मोठा कोरडा प्रवास करावा लागतो. हा गड शिवाजी महाराजांनी १६७३-७४ च्या सुमारास बांधून घेतला, तो पूर्वेकडच्या वाटेवर नजर ठेवायला. १७०१ मध्ये मोगलांनी तो घेतला. गडावर वर्धनीमाता आहे. गड गेले, आले, देवी जागची हलली नाही. (गडाला जिवंत माणसासारखं वागवायची सवय तुमच्या भागाला जुनी असावी. ‘रायगडाला जेव्हा जाग येते’ लिहिणारे वसंत कानेटकर जन्मले ते रहिमतपुरात.)

आता तुमच्या गुरांबद्दल. कासला गर्दी वाढली म्हणून पठाराला कुंपण घातलं होतं. माणसांबरोबर गुरंही अडली. चराई थांबली, गवत माजलं आणि फुलं घटल्याची ओरड सुरू झाली. शेवटी ते कुंपण काढलं गेलं. ठिगळासारखी दिसणारी तुमची म्हैस त्या फुलांच्या व्यवस्थेचा भाग होती. हे कळायला तज्ज्ञांना वेळ लागला, गुराख्याला विचारलं असतं तर लवकर कळलं असतं. अर्थात याचा अर्थ चराई कितीही चालेल असा नाही, आणि वणव्याचं समर्थन तर नाहीच. जळलेल्या गवताखाली नवं गवत जोमानं येतं ही समजूत पुष्कळ शेतकऱ्यांची आहे. पहिल्या वर्षी तसं दिसतंही. पण उघडी पडलेली राखेची माती मृगाच्या पहिल्या सरीबरोबर ओढ्यात जाते आणि पुढच्या वर्षी तिथं दगड जास्त दिसतात.

ट्रेकरांकडून पैसा मिळतो का? मिळू शकतो. बारी गावात कळसूबाईच्या वाटेवर पिठलं-भाकरी, ताक, लिंबू सरबत, राहायची सोय, वाटाडे असा धंदा गावकऱ्यांनी उभा केला आहे. कासला प्रवेशशुल्क आणि आसपासच्या गावांच्या समित्या आहेत. तुमच्या बाजूला अजून तसं फारसं नाही. पण त्यासाठी गावानं आधी ठरवावं लागतं की वर काय चालेल आणि काय नाही. ते ठरलं नाही तर कचरा गावाचा आणि फोटो पाहुण्यांचे.

प्रश्न : कळसूबाई १६४६ मीटर आणि रायगड ८२० मीटरच्या आसपास. मग कळसूबाई चढायला रायगडाच्या दुप्पट अवघड का वाटत नाही?
— एक विद्यार्थिनी, रहिमतपूर

उत्तर : कारण ती उंची समुद्रापासून मोजलेली आहे, तुझ्या पायापासून नाही. भारतातली उंची ज्या पायावर मोजत आले, तो पाया १९०९ साली किनाऱ्यावरच्या नऊ ठिकाणांच्या भरती-ओहोटीच्या नोंदींवरून पक्का केला गेला. कळसूबाईचा पायथा घाटावर आहे. जवळजवळ निम्मी उंची तुझ्या एसटीनं आधीच चढलेली असते. रायगड उभा आहे कोकणात, त्याचा पायथा कळसूबाईच्या पायथ्याहून बराच खाली आहे, त्यामुळे दोघांचे आकडे नुसते ताडून चढाईचा अंदाज येत नाही. जरंड्याचं कळसूबाईसारखंच. त्याचा आकडा ऐकून बिचकू नकोस, त्यातला मोठा वाटा तुझ्या गावाच्या वाट्यालाही आलेला आहे. रहिमतपूरच मुळात दख्खनच्या पठारावर आहे. डोंगर चढायला किती, हे विचारायचं असेल तर पायथ्यापासून माथ्यापर्यंत किती, एवढंच विचारायचं.

एक गंमत करून बघ. गच्चीवरून दिसणाऱ्या डोंगरांची नावं वहीत लिही आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाकडून ती तपासून घे. नकाशात नसलेली दोन-तीन नावं नक्की निघतील.

प्रश्न : कळसूबाईला लोखंडी शिड्या आहेत. पावसाळ्यात जावं का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : जा, पण वळवाच्या दिवसांत दुपारी जाऊ नका. मे-जूनमध्ये आणि परतीच्या पावसात, सप्टेंबर-ऑक्टोबरला, दुपारनंतर गडगडाट सुरू होतो. उघड्या माथ्यावर, लोखंडी शिडीवर किंवा साखळी धरून त्या वेळी असणं म्हणजे विजेला आमंत्रण. पहाटे निघून दुपारच्या आत खाली उतरलेलं बरं. ऐन आषाढ-श्रावणात वीज कमी, पण दगडावर शेवाळ आणि धुकं एवढं की चार हातांवरचा सोबती दिसत नाही. तेव्हा वाटाड्या घ्या. शनिवार-रविवार शिड्यांपाशी गर्दी तुंबते, शक्य असेल तर मधला वार गाठा. नवरात्रात गेलात तर मात्र गर्दीची तक्रार करू नका. तेव्हा तुम्ही कळसूच्या घरी पाहुणे असता.